साडूच्या गाडीचे पिवळे लाइट

माझ्या धाकट्या साडूने पिकअप घेतली त्या दिवशी मी जळलो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं आडवळणं घ्यावी लागणार नाहीत. अशा वेळी लोक 'जरा वाईट वाटलं' असं म्हणतात. मला जरा वाईट वाटलं नाही. पोटात आग पडली, आणि ती आग मी पुढं नऊ-दहा महिने व्यवस्थित जपली.

नांदेडमध्ये लातूर रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. डायनामो, सेल्फ, हॉर्न, लाइट, जे काही बॅटरीवर चालतं ते माझ्याकडे येतं. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपलोय. स्वतःची म्हणाल तर एक मोटरसायकल, आणि तिला चौथ्या किकशिवाय जाग येत नाही. पिकअप घ्यायची माझी फार दिवसांची इच्छा होती. मागच्या हौद्यात बॅटऱ्या, चार्जर, अवजारं टाकायची आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपाशी आपणच जायचं, असा बेत होता. कंपनीचं रंगीत पत्रक मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. त्यातली पांढरी गाडी आपली, असं मनात ठरवूनही टाकलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं गाव कंधारकडे. गावातल्या चार-पाच मळ्यांचा भाजीपाला गोळा करून तो रोज पहाटे नांदेडच्या मार्केटला आणतो. तेव्हा भाड्याच्या टेम्पोने आणायचा. माल उतरवला की माझ्या दुकानात चहाला थांबायचा आणि काचेवर बोट ठेवून विचारायचा, "भाऊ, ही कशी हाय?" आणि मी, शहाणा माणूस, त्याला तासतासभर समजावून सांगायचो. इंजिन कसं, मागचे पाटे किती वजन घेतात, घाटात कुठला गिअर लागतो. त्याने सगळं मान डोलवत ऐकून घेतलं आणि पाडव्याला तीच गाडी घेतली. रंगही पांढराच.

गाडी लातूरच्या शोरूममधून उचलायची होती. "भाऊ, तुम्ही पाहिजेत. मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्याने मलाही नेलं. सासरे, मेव्हणी, माझी बायको, सगळेच गेलो. मी बोनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख वाचली, एकेक दिवा लावून बघितला. काहीतरी खोट निघेल म्हणून बघत होतो. एकही निघाली नाही याचं मला दुःख झालं. मग शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आणून दिली आणि फोटोची वेळ आली. "भाऊ, तुम्हीच काढा, तुमचा हात हालत न्हाई," साडू म्हणाला. तो फोटो आज सासऱ्यांच्या बैठकीत टांगलेला आहे. त्यात सासरे आहेत, मेव्हणी आहे, माझी बायको बोनेटवर हात ठेवून हसते आहे. फक्त मी नाही.

निघताना त्याने खरी किल्ली माझ्या हातात दिली. "पहिली चक्कर तुमच्या हातची." लातूरपासून अहमदपूरपर्यंत गाडी मीच आणली. त्याचं नेमकं हेच मला सहन होत नसे. माणसाने आपल्यापुढं जरा तोरा मिरवला तर त्याचा राग तरी करता येतो. हा पठ्ठ्या कधी तोरा मिरवायचाच नाही. मी वाट बघून बघून थकलो.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून धोंड्याचं जेवण घालायची आमच्याकडे रीत आहे. पुरणाचे धोंडे, वाण, नवे कपडे, आणि जेवणाआधी जावयांचं औक्षण. आधी थोरल्या जावयाचं, मग धाकट्याचं. त्या दिवशी सासूबाई निरांजनाचं ताट घेऊन माझ्यापुढं आल्या, तेवढ्यात सासरे आतून म्हणाले, "आधी धाकल्या पाव्हण्याचं उरका. त्यांना गाडी भरायला जायचंय." ताट वळलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या कपाळापर्यंत आलेला सासूबाईंचा हात साडूच्या कपाळाला लागला आणि मी पाटावर बसून रांगोळीचे ठिपके मोजत राहिलो.

जेवण झाल्यावर सगळे अंगणात गाडीभोवती उभे होते. मनातलं कोणाला कळू नये असं वाटलं की मी नेहमी गरजेपेक्षा जास्त स्तुती करतो. त्या दिवशीही मोठ्याने म्हणालो, "काय टायर हायेत हो! गाडी कशी नवरीवानी दिसून राहिली." तासाभरात गाडी गावाच्या वेशीवर पंक्चर झाली. मग काय, हशा पिकला. सासरे म्हणाले, "थोरल्या पाव्हण्याची नजर लई कडक बघा!" मीही हसलो. मेव्हणी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

दसऱ्याच्या आठेक दिवस आधी साडू दुकानात आला. थंडीत विष्णुपुरीच्या धरणापाशी, नदीच्या अंगाला, पहाटे दाट धुकं उतरतं. पुढची गाडी सोडा, रस्त्यावरचा पांढरा पट्टाही दिसत नाही. हेडलाइट लावावा तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. त्यासाठी बंपरला खाली पिवळे फॉग लाइट लावतात, त्यांचा उजेड जमिनीलगत पसरतो. त्याला ते हवे होते, आणि माझ्याच हातचे हवे होते. लाइटची जोडी माझ्यापुढं ठेवून तो म्हणाला, "घाई न्हाई भाऊ. तुम्ही कराल ते पक्कं."

आता थोडं माझ्या धंद्यातलं. लाइटला दोन वायरी असतात. एकीतून बॅटरीचा करंट येतो, दुसरीतून तो गाडीच्या लोखंडात परत जातो. या दुसरीला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती वायर जिथं बोल्टने आवळतात तिथं पाणी, चिखल, गंज काहीही पोचलं की लाइट आधी मिचमिचतो आणि मग जातो. म्हणून मी अर्थिंग नेहमी वर नेतो, आत चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, कोरड्या जागी. रंग खरवडायचा, बोल्ट आवळायचा, वर ग्रीस थापायचं. वेळ जास्त लागतो, पण माझ्या दुकानाचं जे काही नाव आहे ते या एका सवयीमुळं.

साडूच्या गाडीला मी तसं केलं नाही.

फ्यूज, रिले, स्विच, सगळं झकास बसवलं होतं. अर्थिंग तेवढी राहिली होती. साडू शेजारच्या टपरीवर कोणाला तरी सांगत होता, "पुढच्या वर्षी आणखी एक गाडी टाकावं म्हणून राहिलोय." मला ते स्पष्ट ऐकू आलं. माझी एकही होईना, आणि याला दुसरी! रंग खरवडायला घेतलेला तारेचा ब्रश मी खाली ठेवला. दोन्ही लाइटची अर्थिंग जोडून खाली डाव्या बाजूला, बंपरच्या पट्टीच्या बोल्टलाच मारली. ना रंग खरवडला, ना ग्रीस लावलं. पुष्कळ मेकॅनिक असंच करतात आणि ते चालतंही. तेच मी स्वतःला सांगितलं. उरलेल्या तांब्याच्या वायरचं गुंडाळं वर त्याला देऊन टाकलं, जणू काही उपकारच. लाइट लावले तेव्हा समोरची भिंत हळदीसारखी पिवळी झाली. साडूने माझे दोन्ही हात धरले. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

थंडी पडली. संक्रांतीच्या आधी एकदा चहा पिताना तो म्हणाला, "भाऊ, डावा लाइट जरा मिचमिच करून राहिलाय."

"बल्ब ढिला असंल. बघू."

दोन दिवसांनी म्हणाला, दोन्ही मंद झालेत. मी म्हणालो, रविवारी आणा. रविवारी तो आला तेव्हा मी एका जीपखाली होतो. जीपचं काम अर्ध्या तासापूर्वीच झालं होतं. गाडीखालून मला त्याचे जोडे दिसत होते. टाचा चिखलाने भरलेल्या. तो बराच वेळ उभा राहिला, एकदा खोकला, मग निघून गेला. मी नंतर बाहेर आलो आणि हात पुसले.

त्या बुधवारी सकाळी मी दुकानाला निघायच्या तयारीत होतो. बायको फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. विष्णुपुरीच्या अलीकडे धुक्यात साडूच्या गाडीचे फॉग लाइट पार गेले होते आणि पुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीला मागं ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. साडूचा वेग कमी होता म्हणून थोडक्यात निभावलं. गाडीचा उजवा कोपरा दबला. पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर सासरे बसलेले होते, डोळे दाखवायला नांदेडला येत होते. त्यांचं कपाळ काचेवर आपटलं.

बायकोने फोन ठेवला. "बाबांना टाके पडलेत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "लाइट तुम्हीच बसवले होते ना?"

मी हो म्हणालो.

दवाखान्यात सासरे पलंगावर बसून होते, भुवईवर जाड पट्टी. मला बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या हातचं काम, असं कसं गेलं हो?" त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच नवल वाटत होतं. भिंतीला टेकून उभी असलेली माझी बायकोही माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "गाडी बघतो, मग सांगतो." खरं तर गाडी बघायची मला गरजच नव्हती. कारण बिघाड कुठं असणार ते मला ठाऊक होतं. तो बोल्ट सडलेला निघाला, तर म्हाताऱ्या माणसाचं रक्त माझ्यामुळं सांडलं होतं, आणि हे मला घरी जाऊन सांगावं लागणार होतं.

दहाच्या सुमाराला साडू गाडी घेऊन दुकानात आला. ऊन पडलं होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. आधी कुठं बघायचं ते मला कळत होतं, म्हणून मी तिथं सगळ्यात शेवटी गेलो. फ्यूज काढला, उन्हात धरला. साबूत. स्विच दाबून रिलेवर बोट ठेवलं. टिक झालं, तोही ठीक. दोन्ही बल्ब काढून सरळ बॅटरीला टेकवले. लख्ख लागले. मग टेस्ट लॅम्प घेतला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, माझ्या गुरूने दिलेला, वीस वर्षं तोच आहे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं लाइटपर्यंत येणाऱ्या वायरला. बल्ब पेटला. म्हणजे करंट लाइटपर्यंत येत होता.

"मंग लागत का न्हाईत?" साडूने विचारलं.

"येतोय, पण परत जात न्हाई," मी म्हणालो. "अर्थिंग गेली."

डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलो आणि बंपरखाली हात घातला. हाताला बोल्ट लागलाच नाही. काहीतरी वाळकं, खरखरीत लागलं. वाकून बघितलं तर लिंबू-मिरचीचे घोस होते. बाजारात शनिवारी दोऱ्यात ओवलेले मिळतात तसा एखादा नाही, एकावर एक सात-आठ. खालचे काळे पडून सुकलेले, वरचा ताजा, हिरवागार. आणि ते दोऱ्यात नव्हते. तांब्याच्या तारेत ओवलेले होते. तार माझ्याच गुंडाळ्यातली, सोलून उघडी केलेली. प्रत्येक घोसाची तार माझ्या अर्थिंगच्या बोल्टला गच्च पिळा मारून बांधली होती. दर आठवड्याला नव्या लिंबाचा रस त्या तारेवरून बोल्टवर उतरत होता, वर रस्त्याचं पाणी उडत होतं. तारा कापल्या, बोल्ट काढला. वायरच्या टोकाला तांब्याची कडी असते, ती हिरव्या-पांढऱ्या थराने भरली होती. बोटांत धरली तर चुरा झाली.

मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. मी सुटलो होतो! अर्थिंग खाली दिली म्हणून काय झालं, पुष्कळजण देतात, वर्षानुवर्षं टिकते. ती खाल्ली लिंबाने, आणि लिंबू बांधलं असणार मेव्हणीनेच. तिथं बसल्या बसल्या मी मनाने सासऱ्यांच्या बैठकीत जाऊन पोचलो. तो हिरवा चुरा कागदाच्या पुडीत बांधून न्यायचा आणि सगळ्यांपुढं उघडायचा. बायकोपुढंही. 'हे बघा, माझ्या हातच्या कामाला काय झालं होतं ते.' तो फोटो टांगलाय त्याच भिंतीखाली बसून सांगायचं. पाडव्यापासून पहिल्यांदा मला त्या गाडीकडे बघून बरं वाटलं.

"हे कोणी बांधलं?" मी विचारलं. आवाज मुद्दाम शांत ठेवला.

"घरचीच बांधती, दर शनवारी."

"तारेनं?"

साडूलाही नवल वाटलं. "थांबा, इचारतो," म्हणून त्याने फोन लावला. मार्केटच्या गलक्यात राहून राहून त्याला फोन कायम स्पीकरवर ठेवायची सवय आहे.

"अगं, ते लिंबू तारेनं का बांधून राहिलीस तू?"

"मंग कशानं बांधू?" मेव्हणीचा आवाज रडून बसलेला होता. "दोरा वाऱ्यानं तुटतो. दोनदा वाटंतच गळून पडलं. अन् गाडी रोज कोणाच्या दुकानापुढून जाती, ठाऊक न्हाई का तुम्हाला? दुकान डाव्या अंगाला येतं म्हणून डाव्याच अंगाला बांधते मी. दाजीचं बघणं मला धोंड्याच्या जेवणापासून ठाऊक हाय. ताईचा नवरा हाय म्हणून तोंडानं बोलत न्हाई. तरी आज बाबाच्या डोक्याला..."

साडू फोन बंद करायला धडपडला. बोटाला घाम होता, बटण लागेना. शेवटी त्याने फोन छातीशी दाबून धरला आणि आवाज दबला.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो लांब जाईपर्यंत साडू त्याच्याकडेच बघत होता.

"भाऊ, मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "बाईमाणूस घाबरलंय. काहीबी बोलती."

मला संताप यायला हवा होता. तोंडावर शब्द तयारही होते, अडाणीपणा, अंधश्रद्धा, सगळे. पण मी अजून गुडघ्यावरच होतो आणि समोर तो बोल्ट होता. लिंबू त्या बोल्टवर आलं ते माझ्या जळण्यामुळं. आणि अर्थिंग त्या बोल्टवर आली होती तीही माझ्या जळण्यामुळं. वर चेसीवर दिली असती तर मेव्हणीची शंभर लिंबं तिथवर पोचली नसती. नजरेबिजरेवर माझा विश्वास नाही. पण माझ्यापासून त्या गाडीला धोका आहे, हे तिने बरोबर ओळखलं होतं. बाकीचे सगळे हसले होते तेव्हाच ओळखलं होतं.

"अर्थिंग इथं द्यायची नव्हती," मी म्हणालो. "मी दर गाडीला वर देतो. तुमच्या गाडीला दिली न्हाई."

"चुकून राहिलं असंल भाऊ."

"चुकून न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. एकदा बोलायला लागलोच होतो, म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "रविवारी तुम्ही आलात तेव्हा जीपचं काम झालं होतं. मी मुद्दाम बाहेर आलो न्हाई."

"ठाऊक हाय," साडू म्हणाला. "तुमचे पाय दिसून राहिले होते. रिकामेच हालत होते."

"मंग एवढा वेळ कशाला थांबलात?"

"म्हटलं, येताल भाऊ बाहेर."

 मी उठलो, नवी वायर कापली आणि गाडीखाली गेलो. चेसीचा रंग खरवडला, खाली चकाकतं लोखंड दिसेपर्यंत. नवी कडी, नवा बोल्ट, वर ग्रीस. एवढ्या कामाला मला नेहमी जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लावला, कारण गाडीखाली तोंड लपवायची सोय होती. बाहेर येऊन स्विच दाबला. दोन्ही लाइट लागले. भर उन्हात फिके दिसत होते, पण मिचमिच नव्हती. दबलेल्या बंपरमुळं उजवा जरा वाकडा बघत होता, तो सरळ केला.

तोवर साडूने खाली पडलेले लिंबाचे घोस गोळा केले होते आणि तो ते नालीत टाकायला निघाला होता.

"ते ताजं टाकू नका," मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ. आता कशाला?"

"द्या इकडं."

मी सुतळी दुहेरी केली, दाभणाने ते लिंबू आणि मिरच्या पुन्हा ओवल्या. वाऱ्याने तुटू नये म्हणून दोन गाठी जास्त मारल्या. डाव्या बाजूच्या आरशाच्या दांडीला, वायरिंगपासून लांब, नीट बांधलं. साडू खाली मान घालून उभा होता. लाज त्यालाच वाटत होती.

"घरी सांगा," मी म्हणालो, "बांधलं ते बरोबरच होतं. जागा तेवढी चुकली. इथून पुढं इथं बांधत जा म्हणावं."

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. तिने विचारायच्या आत मी सांगितलं, बोल्टचं, रविवारचं, सगळं. लिंबाचं तेवढं सांगितलं नाही. बहिणी-बहिणींत त्यावरून वाकडं यायला नको. तिने पाण्याचा तांब्या माझ्या ताटाशेजारी सरकवला. मग म्हणाली, "बाबांना काय सांगणार?" मी म्हणालो, हेच. दुसऱ्या दिवशी सासरी जाऊन सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि दाराकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी मला चहा घ्या म्हटलं नाही.

शुक्रवारी पहाटे धुकं पडलं. बायकोला काम आहे म्हणून सांगितलं आणि अंधारातच दुकानावर आलो. शटर न उघडता रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मला ते लाइट धुक्यात लागलेले बघायचे होते. स्वतः केलेलं काम अशा वेळी बघण्यासारखं दुसरं सुख नाही, आणि या लाइटचं ते सुख मी अजून घेतलंच नव्हतं. विष्णुपुरीच्या बाजूला नुसता पांढरा पडदा होता. रस्ता वीस-पंचवीस पावलांपुढं संपत होता.

मग तिथं, जमिनीलगत, दोन पिवळे डाग उमटले. हळूहळू मोठे झाले. स्थिर होते, अजिबात हलत नव्हते. त्यांच्या उजेडात रस्त्याचा पट्टा स्पष्ट दिसत होता. त्यांच्या मागून पांढरी गाडी वर आली, भाजीने शिगोशीग भरलेली, बंपर ठोकून सरळ केलेला, आणि आत एकटाच साडू. इतकी देखणी गाडी त्या रस्त्यावर दुसरी नव्हती. मी पुन्हा जळलो.

साडूने मला ओळखलं, दोनदा हॉर्न दिला, वेग कमी केला. डाव्या आरशाखाली लिंबू झुलत माझ्याकडे येत होतं. मी घाईघाईने मान खाली घातली आणि माझ्या चपलांकडे बघत उभा राहिलो. गाडी पार लांब जाईपर्यंत वर बघितलं नाही.